खतातून निघालेले २७ स्टिकर

रविवारी सकाळी खताचा डबा रिकामा केला. जमिनीवर जुनी चादर अंथरली, तिच्यावर डबा उपडा केला, आणि लेक आणि मी चाळण घेऊन बसलो. साडेचार महिन्यांचं खत. काळंभोर, भुसभुशीत, मुठीत दाबलं की गोळा होणारं आणि बोट लावलं की लगेच मोडणारं. वास ओल्या मातीचा. फळांची सालं, भाज्यांची देठं, सुकलेली फुलं, पुठ्ठ्याचे तुकडे, लेकीने चित्रं काढून फेकलेले कागद, सगळं त्यात गेलं होतं आणि कशाचीच ओळख पटत नव्हती. अंड्याच्या टरफलांचे पांढरे कण तेवढे मधूनमधून दिसत होते.

आणि स्टिकर. फळांवर चिकटवलेले असतात ते, अंगठ्याच्या नखाएवढे. चाळणीत दर दोन मिनिटांनी एक वर यायचा. माती झटकली की त्याचा रंग काल छापल्यासारखा, त्यावरचे आकडेही वाचता येत होते. लेकीने सगळे एका वाटीत गोळा केले आणि मोजले. २७ निघाले. बहुतेकांवर चार आकडे होते, तिघांवर पाच, आणि त्या पाचांतला पहिला आकडा ९. हा ९ फळ सेंद्रिय पद्धतीने पिकवल्याची खूण असतो. मी मुद्दाम तेच शोधून, जास्त पैसे मोजून आणलेलं होतं.

"बाबा, हे कधी कुजणार?" लेकीने विचारलं.

"हे नाही कुजत. हे प्लास्टिक आहे."

"मग साल कशी कुजली? हे तर तिलाच चिकटलेलं होतं."

सात वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

ती जन्मली तेव्हा मी ठरवलं होतं की आता घर बदलायचं. तेव्हा मला घर बदलणं म्हणजे सामान बदलणं वाटायचं. प्लास्टिकचे चांगले धडधाकट डबे काढून टाकले आणि स्टीलचे आणले. बांबूचे ब्रश आणले. कापडी पिशव्या तर दिसेल तिथे घेतल्या, एकदा मोजल्या तेव्हा १४ होत्या. मन लावून केलं सगळं, त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण एक दिवस डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये केलेला पिशव्यांचा अभ्यास वाचनात आला. पिशवी तयार करण्यापासून ती कचऱ्यात जाईपर्यंतचा हिशेब त्यात मांडलेला आहे. हवामानावरचा परिणाम एवढंच धरलं, तरी दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी ५० हून जास्त वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, ओझोनचा थर असं सगळंच धरलं तर तो आकडा काही हजारांवर जातो, कारण कापूस पिकवायलाच खूप काही लागतं. उघड्यावर पडून नद्यानाल्यांत, समुद्रात जाणारं प्लास्टिक या हिशेबात फारसं येत नाही, त्यामुळे मी काही प्लास्टिकच्या पिशव्यांकडे परत वळलो नाही. पण १४ पिशव्यांचा तो गठ्ठा बघून मला कळलं की दहा पिशव्या माझ्या घरात नुसत्या बसून आहेत. त्या दिवसापासून एकही नवी घेतली नाही. दोन दाराच्या खुंटीला, एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत, बाकीच्या नातेवाइकांना दिल्या. खुंटीवरच्या एकीचा बंद दोनदा तुटला आणि दोनदा शिवला. फेकून दिलेल्या त्या प्लास्टिकच्या डब्यांची मात्र आता हळहळ वाटते. कोरड्या सामानाला ते आणखी दहा वर्षं सहज पुरले असते.

धाकटा झाला तेव्हा लंगोटांचा प्रश्न आला. लेकीच्या वेळचे कापडी लंगोट आईने धुऊन, घडी घालून ठेवले होते. कपाट आवरताना मी ते दोनदा टाकायला काढले होते आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "राहू दे रे, लागतील." लागले. लंगोटांचाही असाच एक हिशेब ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये मांडला होता. एका बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरून फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, आणि कापडी लंगोटांमुळे सरासरी ५७० किलो. म्हणजे कापड वापरलं की आपोआप काही वाचतं असं नाही. सगळा फरक धुण्यावाळवण्यात आहे. मशीन पूर्ण भरून लावलं, वाळवायचं यंत्र न वापरता दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर जवळजवळ २०० किलो वाचतात. तिन्ही गोष्टी आमच्या आवाक्यातल्या होत्या. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र लंगोटांना लावू नका. कापडावर त्याचा थर बसतो आणि मग ते ओल शोषत नाही. आम्ही पहिल्या महिन्यात लावलं होतं. लंगोट लोण्यासारखे मऊ झाले आणि अंथरूण रोज ओलं.

रात्री आणि प्रवासात आम्ही डायपरच वापरतो. हे ठरवायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला, आणि थोडी भांडणंही झाली. माझा हट्ट होता की करायचं तर पूर्ण करायचं. बायको एका रात्री, तिसऱ्यांदा चादर बदलताना, शांतपणे म्हणाली, "तुझं हे निसर्गाचं व्रत आहे ना, त्यातलं धुणं कोण करतंय ते एकदा मोज." मी मोजलं. आठवड्यातल्या सात दिवसांपैकी पाच दिवस ती करत होती. विचार माझा, श्रम तिचे. दुसऱ्या दिवसापासून लंगोटांचं सगळं काम माझ्याकडे आलं: खंगाळणं, भिजवणं, मशीन, दोरी, घड्या. हातात काम आल्यावर रात्रीच्या डायपरला माझा काही विरोध उरला नाही. घरात असले बदल करू बघणाऱ्या प्रत्येक बाबाला मी हेच सांगतो: जे बदलायचं म्हणतोस त्याचं धुणं आधी अंगावर घे.

'नैसर्गिक' या शब्दावर मी पूर्वी डोळे मिटून विश्वास ठेवायचो. तो विश्वास दोनतीन प्रसंगांनी जागेवर आणला. बाथरूममधली संगमरवरी फळी मी व्हिनेगरने पुसली. व्हिनेगर आम्ल आहे आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, दोघांची गाठ पडली की दगड विरघळतो. तिथे पसाएवढा मंद डाग पडला आहे, तो आता जायचा नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ठेवायची युक्तीही खूप ठिकाणी सांगतात. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळपास मिठाचं पाणी, त्याने काही फारसं निघत नाही. आधी सोड्याने घासायचं, धुवायचं आणि पांढरे क्षार बसले असतील तिथे मग वेगळं व्हिनेगर लावायचं, असं केलं की दोन्हींचा उपयोग होतो. ब्लीचजवळ मात्र व्हिनेगर अजिबात नेऊ नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

याहून गंभीर गोष्ट धाकट्याच्या सर्दीची. तो चार महिन्यांचा होता, नाक चोंदलं होतं, आणि मी निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब त्याच्या उशाच्या कापडावर टाकायला निघालो होतो. झाडाचं तेल, त्यात काय वाईट, असा विचार. बायकोने आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं, एवढ्या लहान बाळाच्या श्वासाला अशा तेलांचा त्रास होऊ शकतो. मधाचंही तसंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कारण त्यात बोटुलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराच्या, जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तेवढ्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. तेल आणि मध दोन्ही निसर्गातलेच. तेव्हापासून बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा आत काय आहे आणि ते कोणासाठी आहे हे मी आधी विचारतो.

बाकी छोट्या गोष्टी चालूच असतात. मुलांचे कपडे मामेभावंडांकडून येतात आणि आमच्याकडून पुढे जातात. ओल्या पुसण्यांच्या पाकिटाऐवजी जुन्या चादरीचे हातभर चौकोन कापून ठेवलेत. शाळा चालत पंधरा मिनिटांवर आहे, चालतच जातो. यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

खताबद्दल मात्र मला खूप सांगायचं आहे, कारण घरातलं दुसरं काहीही मुलांना इतकं आवडलं नाही.

सुरुवात वाईट झाली. मी झाकणाचा डबा आणला, रोजचा ओला कचरा त्यात टाकत गेलो आणि वास येऊ नये म्हणून झाकण गच्च लावलं. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा, तळाला काळं पाणी. घरातल्या सगळ्यांनी एकमताने डबा बाहेर काढायला सांगितला. चूक माझ्या लक्षात नंतर आली. कुजायला हवा लागते. हवा नसेल तर वेगळेच जिवाणू वाढतात, आणि त्यांच्यामुळे घाण वास येतो, मिथेनही तयार होतो. कचऱ्याच्या डोंगरात दबलेल्या अन्नाचं हेच होतं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरून ठेवतो. दुसरी गोष्ट, कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असतं, कार्बन मिळतो वाळक्या पानांतून, पुठ्ठ्यातून, लाकडाच्या भुशातून. मी नुसतं ओलं ओलंच घालत होतो.

डब्याला चहूबाजूंनी भोकं पाडली. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट वाळकी पानं. पानं आणण्याचं काम लेकीने घेतलं. शाळेच्या वाटेवर एक मोठं झाड आहे, त्याच्याखालची पानं ती येताना पिशवीत भरते. ओली, करकरीत आणि चुरा अशी तीन ढिगांत वेगळी करते आणि ओली परत ठेवून येते. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टीही तीच सोलते. दहा दिवसांत वास गेला. एका थंड सकाळी डबा हलवायला झाकण काढलं तर आतून वाफ निघाली. थर्मामीटर खुपसला, ४६ अंश. लेकीने तळहात वर धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. "आत कोणीतरी श्वास घेतंय," ती म्हणाली. खरंच घेत होते, कोट्यवधी.

पुढे डब्यात करड्या, चपट्या अळ्या झाल्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ही माशी चावत नाही, घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या साल बघताबघता फस्त करतात. लेक त्यांना 'कामवाले' म्हणते. संध्याकाळी साल टाकताना दिवा लावून बघते कामवाले जागे आहेत का.

म्हणून तिला त्या स्टिकरांचा राग आला. कामवाल्यांनी एवढं सगळं संपवलं, आणि हे मात्र त्यांना जमणारच नाही असं कोणीतरी बनवलं. तिने ते २७ स्टिकर धुतले, पुसले, एका संपलेल्या वहीच्या पानावर ओळीने डिंकाने चिकटवले आणि वर तारीख घातली. आता घरात फळं आली की ओट्यावर ठेवायच्या आधी त्यांचे स्टिकर निघतात आणि वहीत जातात. मी फळं घेतानाच स्टिकर नसलेली बघायला लागलो आहे, काही मिळतात, काही नाही.

काल संध्याकाळी धाकटा दोन्ही हातांत फळ धरून माझ्याकडे आला. दीड वर्षाचा आहे, शब्द मोजकेच येतात. फळ माझ्या गुडघ्यावर टेकवलं, स्टिकरवर नख रुतवत म्हणाला, "काड." मी एक कोपरा सोडवून दिला, बाकीचा त्याने ओढला. स्टिकर त्याच्या बोटाला चिकटला. ते बोट तसंच वर धरून तो ताईला शोधत आतल्या खोलीत गेला, आणि मला वही उघडल्याचा आवाज आला.