साल्वादोरला, शुक्रवारी

बाईया, ब्राझील. शुक्रवार, रात्री उशिरा.

इथे शुक्रवारी माणसं पांढरे कपडे घालतात. सकाळी न्याहारीला खाली उतरलो तर वाढणाऱ्या बाईंचा झगा पांढरा, काउंटरवरच्या मुलाचा सदरा पांढरा, बाहेर बसच्या रांगेतही कितीतरी जणांच्या अंगावर पांढरंच. विचारलं तेव्हा कळलं, शुक्रवार ओशालाचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी जो धर्म इथे जिवंत ठेवला, कांदोंब्ले, त्यातला हा वडीलधारा देव आणि पांढरा त्याचा रंग. चर्चला जाणारेही हे पाळतात. मी परत वर गेले आणि बॅगेतला पांढरा कुर्ता काढून घातला. ह्यांनीही काही न बोलता पांढरा शर्ट चढवला.

आमच्या मुलाचं म्हणणं होतं की साओ पाउलोहून रिओ जवळ पडेल, तिकडे जा. पण ह्यांचं आधीच ठरलेलं. उभी हयात मुंबईच्या गोदीत गेली, त्यामुळे नकाशा उघडला की ह्यांची नजर आधी बंदरावर जाते. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजं वाटेत साल्वादोरला थांबत, हे ह्यांनी कधीतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून हे शहर मनात धरलं होतं. 1549 पासून 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी इथे होती. म्हणजे महाराजांच्या जन्माआधीपासून थेट थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीपर्यंत.

काल रात्री विमानतळाबाहेर पडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे बांबू डोक्यावर एकमेकांत मिसळले होते. त्या हिरव्या बोगद्यातून गाडी निघाली आणि मला एकदम बरं वाटलं. शहरात शिरायची ही रीत मला फार आवडली.

सकाळी पहिल्यांदा पोर्टो दा बार्राचा किनारा. दोन छोट्या किल्ल्यांच्या मधला हा वाळूचा तुकडा लांबीला फार नाही. पण हा किनारा खुल्या अटलांटिककडे नाही, आतल्या उपसागराकडे तोंड करून आहे, म्हणून पाणी शांत. 1549 साली तोमे दे सोझा हा पहिला गव्हर्नर इथेच उतरला आणि शहर वसवायला लागला. आज तिथे आजीआजोबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गप्पा मारत होते. पोरं किल्ल्याच्या बाजूने उड्या टाकत होती. एक जण हातात छोटी शेगडी घेऊन फिरत होता आणि काडीला लावलेलं चीज तिथल्या तिथे भाजून देत होता. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, मग थोडी आणखी पुढे गेले, मग भिजलेच. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. शरीर कसं आहे, वय किती, याची या किनाऱ्यावर कुणालाच फिकीर दिसली नाही. माझ्या वयाच्या, माझ्याहून जाड बायका इतक्या मोकळेपणी उन्हात पहुडल्या होत्या की मला त्यांचा हेवा वाटला आणि त्यांच्याकडे बघून आनंदही झाला.

किनाऱ्यावर शहाळी होती, वर रस्त्याला गाडीवर कापलेला फणस होता. न्याहारीला काजूच्या बोंडूचा रस मिळाला होता, आंबट-तुरट, गार. काजू मूळचा ब्राझीलच्या याच ईशान्य किनाऱ्याचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात नेला आणि तिथून तो आमच्या वेंगुर्ल्याच्या कातळांवर पसरला. फणस आणि आंबा उलट्या दिशेने इथे आले. आमच्याकडे बी काढून घेतली की बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतात. इथे रसाच्या दुकानात त्याला मानाची जागा आहे. माहेरी जाईन तेव्हा भावाला हे सांगायचं आहे.

दुपारच्या आधी जुन्या शहराकडे निघालो. साल्वादोर दोन मजली आहे म्हटलं तरी चालेल. खाली बंदर आणि बाजार, वर कड्यावर चर्चं, चौक, वाडे. दोन्हींना जोडणारी एलेव्हादोर लासेर्दा ही सार्वजनिक लिफ्ट 1873 साली सुरू झाली. उंची 72 मीटर. आजचं तिचं रूप 1930 च्या सुमाराचं. लोक कामावर जायला, शाळेत जायला, सामान घेऊन वर चढायला ती वापरतात. तिकीट अगदी नाममात्र. आम्ही आधी खाली मेर्कादो मोदेलोत हिंडलो. ही पूर्वीची कस्टमची इमारत. आता आत लेस, ढोल, लाकडी मूर्ती, रंगीत फिती यांची दुकानं आहेत. हे मात्र दुकानांपेक्षा भिंती आणि दारं बघत होते. माल कुठून आत यायचा, वजनकाटा कुठे असेल, होड्या कुठे लागत असतील, याचा ह्यांचा हिशोब चालला होता. मग लिफ्टने वर आलो आणि कठड्यावरून खाली बघितलं. अख्खा उपसागर, त्यात मालाची जहाजं नांगरलेली. ह्यांना तिथून हलवायला मला बराच वेळ लागला.

वरच्या शहरातून चालत आधी साओ फ्रान्सिस्कोच्या चर्चपुढे आलो. आतून सगळं सोन्याने मढवलेलं चर्च म्हणून याची ख्याती. दार बंद. 2025 च्या फेब्रुवारीत छताचा मोठा भाग खाली आला आणि एका तरुण पर्यटक मुलीचा जीव गेला. तेव्हापासून हे बंद आहे. बाहेरच्या दगडी क्रूसाशी दोन मिनिटं उभी राहिले आणि त्या मुलीसाठी हात जोडले. घरचे तिची वाट बघत असतील, तिने फोटो पाठवले असतील, असे विचार येत राहिले.

तिथून उतरत पेलोरिन्योच्या चौकात. 1985 पासून हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत आहे. पिवळी, गुलाबी, निळी घरं, गोट्यांचा उताराचा रस्ता, दर चार पावलांवर फोटो काढणारं कुणीतरी. पण याच भागात गुलामांना बांधून चाबकाने फोडून काढायचा खांब होता. ते डोक्यात असलं की त्या रंगांकडे नुसतं बघत राहता येत नाही. आफ्रिकेतून दहा लाखांहून जास्त माणसं या बाईयाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 साली संपली, म्हणजे माझ्या पणजीच्या काळात. सकाळी आंबे-फणस-काजू यांचे प्रवास मी किती कौतुकाने जुळवत होते. बिया नेणाऱ्या त्याच राजाच्या झेंड्याखाली माणसंही जहाजांच्या तळाशी कोंबून आणली जात होती. बोंडूचा रस आवडला हे खरं आहे आणि हेही खरं आहे. एकाच्या जागी दुसरं ठेवून मोकळं होता येत नाही.

उतारावर निळसर रंगाचं एक चर्च आहे, रोझारियो दोस प्रेतोस, काळ्या लोकांचं चर्च. गोऱ्यांच्या चर्चमध्ये जागा नव्हती म्हणून काळ्यांच्या बंधुसंघाने 1704 पासून हे बांधायला घेतलं. दिवसभर मालकाची चाकरी करून उरलेल्या वेळात, रात्री, सणाच्या सुटीत बांधत राहिले. पुरं व्हायला जवळपास शतक गेलं. ज्यांनी पहिला दगड ठेवला त्यांच्यातल्या कुणी शेवटचा बघितला नसणार. मागच्या अंगणात गुलामांचं जुनं दफनस्थान आहे. सोन्याचं चर्च बंद होतं याची हळहळ मला इथे आल्यावर राहिली नाही. या शहरात एकच चर्च बघायला वेळ असेल तर मी हेच बघायला सांगेन.

जेवायला मोकेका. मातीच्या भांड्यात मासा, नारळाचं दूध, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लालसर देंदे तेल. देंदे म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या पामच्या फळाचं तेल, वास जड, रंग केशरी. आमसूल असतं तर, असं मनात आलं. पण मोकेका जशी आहे तशीच भरपूर खाल्ली.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी आज इतक्या रात्री लिहायला बसले.

जेवून गल्लीतून हिंडताना एका उघड्या दारातून आत भिंतीवर गांधीजी दिसले. मोठं चित्र, चष्मा, उघडे खांदे. हे थबकले. दारात एक वयस्कर गृहस्थ बसले होते, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. आम्ही भारतातले कळल्यावर ते उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि आम्हाला आत नेलं. फोनवर मुलाने भाषांतराचं घालून दिलंय, त्याच्या आधाराने बोलणं झालं.

हे ‘फिल्योस दे गांधी’ यांचं ठिकाण, गांधींची लेकरं. गांधीजींची हत्या झाली त्याच्या पुढच्या वर्षी, 1949 च्या कार्निव्हलला, साल्वादोरच्या बंदरात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांनी हे पथक उभं केलं. पोशाखाला पैसे नव्हते. चादरी गुंडाळल्या, टॉवेलचे फेटे बांधले आणि शांततेचा निरोप घेऊन रस्त्यावर उतरले. आजही कार्निव्हलला हजारो पुरुष पांढऱ्या वेशात, पांढरे फेटे बांधून, आफ्रिकी इजेशा तालावर संथ चालत जातात आणि लोकांवर लॅव्हेंडरचं सुगंधी पाणी शिंपडतात. मिरवणुकीत हत्तीची, उंटाची प्रतिकृती असते, बकरीही असते. माळेतला पांढरा मणी ओशालाचा आणि निळा ओगुनचा, लोखंडाच्या आणि लढाईच्या देवाचा.

फोनवर ‘गोदी कामगार’ असे शब्द आले तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा हात घट्ट धरून म्हणाले, “अगो, ही तर आमची माणसां!” मग त्या गृहस्थांना फोनमधून सांगितलं की मीही बंदरातला, मुंबईच्या. ते गृहस्थ ह्यांच्याकडे बघतच राहिले. दोघांनी हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. भाषांतर सांगणारा फोन माझ्या हातात होता, पण त्याची गरज पडली नाही. त्या गृहस्थांनी खांद्याला हात लावून दाखवला, ह्यांनीही दाखवला. पोती वाहून खांदा कसा होतो ते दाखवत होते. हे स्वतः शेडमध्ये हिशोबाच्या कामाला होते, पण ह्यांच्या वडिलांचा खांदा मी पाहिलेला आहे. लग्नानंतर त्यांच्या खांद्याला तेल लावून दिलेलं मला आठवतं.

मला राहून राहून वाटतंय की या लोकांनी गांधीजी कुठून घेतले? कुणी सरकारी पुतळा बसवला नव्हता, शाळेत धडा नव्हता. बंदरावर बातमी आली असेल, माणसाला मारलं म्हणून. ज्यांच्या आज्या-पणज्या गुलाम होत्या त्यांनी ती ऐकली आणि त्याला आपला मानून ओशालाच्या शेजारी उभं केलं. आपल्याकडे नोटेवर, रस्त्यांच्या पाट्यांवर, 2 ऑक्टोबरच्या हारांमध्ये गांधीजी आहेत. गोदीतल्या माणसांनी चादर पांघरून, ढोल वाजवत त्यांना रस्त्यावर आणावं, हे मला आजवर कुठे दिसलं नव्हतं. निघताना त्या गृहस्थांनी गळ्यातली एक माळ काढून ह्यांच्या गळ्यात घातली. पैसे विचारले तर मान हलवली. हे अजून ती घालूनच बसलेत.

संध्याकाळी दीपस्तंभापाशी गेलो, फारोल दा बार्रा. साडेपाचच्या पुढे सूर्य पाण्यात गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दिवस आधीच भरला होता, त्यामुळे मी सूर्यापेक्षा कोपऱ्यावरच्या आकाराजेवाल्या बाईंकडेच बघत होते.

पांढरा घेरदार घागरा, डोक्याला पांढरं फडकं, समोर केशरी तेलाची कढई. भिजवून सोललेली चवळी वाटायची, कांदा घालून लाकडी पळीने हलकी होईपर्यंत फेटायची आणि देंदेत मोठाले वडे तळायचे. मग वडा मधून चिरून आत वातापा म्हणजे पाव, कोळंबी आणि नारळाच्या दुधाचं दाट सारण, भेंडीचं कारुरू, सुकी कोळंबी, वर तिखट. चवळी मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच आलेली, म्हणून चव पहिल्याच घासाला ओळखीची लागली. आकाराजे हा इयान्सां या वादळवाऱ्याच्या देवीचा नैवेद्यही आहे. गुलामगिरीच्या काळात बायका डोक्यावर पाटी घेऊन असलं खाणं रस्त्यावर विकत, बराचसा पैसा मालकाला द्यावा लागे आणि उरलेल्यातून कुणी कुणी स्वतःची सुटका विकत घेतली. 2013 साली फुटबॉल सामन्यांच्या वेळी स्टेडियमजवळ विकायला यांना मनाई होणार होती, तर या बायका उभ्या राहिल्या, आवाज उठवला आणि जागा मिळवली. कढईमागे बसलेल्या त्या बाईंचा ताठ कणा बघून मला ते पटलं.

ह्यांनी दुसरा मागितला. मी बाईंना फोनमधून विचारलं, साल काढायलाच लागते का? त्या ठामपणे म्हणाल्या, एकसुद्धा राहता कामा नये. हे म्हणतात सालीसकट करून बघू, घरी कोण बघतंय. मी उद्या बाजारातून देंदेची बाटली घेणार आहे. सुकी कोळंबी साओ पाउलोत मिळाली नाही तर आपण आणलेले सोडे चालतील. चवळी मी सोलूनच घेईन.