भात सोडलंस नि ह्यां धरलंस?

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी, ६.२ आलं. सॅम्पल मशीनला मीच लावलं होतं, त्यामुळे रिपोर्ट छापून येण्याआधीच कळलं. बावीस वर्षं दादरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतेय. रिपोर्ट हातात घेताना माणसं चेहरा वाचायला बघतात, ‘बरं आहे ना हो?’ विचारतात आणि मी ठरलेलं उत्तर देते, ‘डॉक्टरांना दाखवा.’ त्या दिवशी तेच उत्तर मला मिळालं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण चपला काढतोय.

डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. भात, चपाती, बटाटा, साखर यांना कात्री लावायला सांगितली, दिवसाचे कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर, १०० ग्रॅमच्या आत ठेवायचे. सगळं लिहून झाल्यावर पेन खाली ठेवत विचारलं, ‘ड्रिंक्स?’

‘कधीकधी.’

‘कधीकधी म्हणजे किती?’

बायकांनी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं असतं असं मला अजूनही आतून वाटतं. पण मी खरं सांगितलं. शनिवारी घरी दोन पेग, आणि महिन्यातून एकदा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर. ते म्हणाले, बंद केलंत तर उत्तम. नाही जमलं तर बीअर आणि गोडाचं काही नको, आणि दोनच्या वर जायचं नाही.

मी बंद केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. ते मला मान्य आहे. मी तब्येतीसाठी पीत नाही, आवडतं म्हणून पिते. (आपल्याकडच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ‘हेल्थ परमिट’ नावाचा परवान्याचा प्रकार आहे. हे कळलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसत होते.)

घरात मात्र खरा गहजब झाला तो भातावरून. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. वय ७९. नवरा निर्व्यसनी, सुपारीसुद्धा खात नाही. मी शनिवारी थोडी घेते हे सासूबाईंना लग्नानंतर दोन-तीन वर्षांत कळलं होतं आणि त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं होतं. पण माझ्या ताटात फक्त माशाची कढी आणि कोबीची भाजी बघितली तेव्हा त्यांचा घास अडला. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. ‘काय गो, भात सोडलंस नि ह्यां धरलंस?’

ह्यां म्हणजे ओट्यावरची बाटली. धरलं तर मी वीस वर्षांपूर्वीच होतं, पण भात आणि दारू एकाच वाक्यात तोलली गेली आणि दारूचं पारडं पहिल्यांदाच जड दिसलं. बाई भात जेवत असेल तर तिचं बाकी सगळं खपतं, हा कोकणातला नियम मला तेव्हा समजला.

आता हिशेब. माझ्या हाती आलेल्या बाटल्यांवर अल्कोहोलची टक्केवारी असते, कार्बचा आकडा नसतो, म्हणून मी तो शोधत बसले. व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांत कार्ब जवळजवळ शून्य. धान्यातली किंवा मळीतली साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते, आणि उरलीसुरली ऊर्ध्वपातनात मागे भांड्यात राहते. ड्राय वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात चारेक ग्रॅम. बीअर मात्र धान्याचं पाणी. ३३० मिलीच्या पाइंटमध्ये दहा ते बारा ग्रॅम, मोठ्या ६५० च्या बाटलीत वीस-पंचवीस. आमच्या घरच्या मध्यम चपातीत वीस ग्रॅम असतात. म्हणजे एक मोठी बीअर ही एक चपाती आणि वर चतकोर.

शून्य हा आकडा वाचून मला जो आनंद झाला तो पुढचे तीन महिने मला महागात पडला.

कारण मी पेग मोजत होते आणि पेगच्या आजूबाजूचं मोजत नव्हते. जिनमध्ये शून्य, पण मी टॉनिक वॉटर ओतायचे. साध्या टॉनिकमध्ये दर १०० मिलीला आठ-नऊ ग्रॅम साखर असते. कडू लागतं म्हणून गोड नाही असं वाटतं, हीच तर फसवणूक. ३०० मिलीचा कॅन संपवला की चपाती झाली. रम-कोलाचं तर बोलूच नका. मग मी टॉनिक सोडलं आणि सोडा-पाण्यावर आले. मैत्रिणींबरोबर असताना ‘फ्रेश लाइम सोडा, साखर नको, मीठ’ असं सांगून तो वेगळा मागवते, कारण वेटरला एकदा सांगून भागत नाही.

आणि चखणा. आम्ही जिथे बसतो ते दादरचं जुनं परमिट रूम आहे. खाली एकट्या पुरुषांची टेबलं, वर एसी फॅमिली सेक्शन. टेबलावर बसल्या बसल्या काकडी, उकडलेले चणे आणि तळलेल्या नळ्या येतात, न मागता, फुकट. नळ्या माझ्यासमोरच ठेवतात, का कोण जाणे. मग मसाला पापड. मग बोंबील फ्राय, जो मासा म्हणून अगदी निर्दोष, पण त्याला रव्याचा जाड कोट घातलेला. एका मैत्रिणीने सुचवलं, ‘तवा सुरमई सांग, रवा नको म्हण.’ वेटर म्हणाला, ‘मॅडम, चिकटेल.’ चिकटली. पण चांगली लागली. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे : उकडलेली दोन अंडी मिरपूड घालून, रव्याशिवाय सुरमई किंवा सुकी कोळंबी, आणि शेंगदाणे एक मूठ. मूठ म्हणजे मूठ. शेंगदाण्याची बशी समोर असली की हात आपोआप जातो, म्हणून मी माझी मूठ काढून घेते आणि बशी सरकवते. बँकेतली मैत्रीण ती बशी संपवते. तिचं एचबीए१सी ५.१ आहे. जगात न्याय नाही.

पण याहून वाईट असते ती अकराची भूक. दोन पेगनंतर घरी आले की मला कधी अंडं किंवा पनीर खावंसं वाटलेलं नाही. मला हवा असतो ट्रिपल शेजवान. कोपऱ्यावरच्या गाडीवरचा, ज्यात भात आहे, नूडल्स आहेत आणि वर तळलेल्या नूडल्सही आहेत. म्हणजे ज्या तीन गोष्टी मी आठवडाभर टाळल्या त्या एकाच डिशमध्ये. पहिल्या तीन महिन्यांत हे चारदा झालं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिताना मी ‘जिन ६० मिली, शून्य’ असं लिहायचे आणि खाली डिशचं नाव लिहायचे नाही. आता मी बाहेर पडायच्या आधी घरी जेवून जाते. आमटीतली वाटीभर डाळ, दोन तुकडे मासे, भाजी. भरल्या पोटी चढतही कमी.

चढण्याचा किस्सा सांगायलाच हवा. जूनमधली गोष्ट. दुपारी लॅबमध्ये गर्दी होती, खाल्ली होती दोन अंडी आणि एक काकडी. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर आधी ६०, मग ३०. पूर्वी एवढ्याने मला काही व्हायचं नाही. दादरला विरार फास्ट पकडली, लेडीज डब्यात खिडकी मिळाली आणि डोळे मिटले. जाग आली ती रुळांच्या आवाजाने. पुलावर आवाज बदलतो ना, तसा. बाहेर काळोख, गार खारा वारा. मला उतरायचं होतं बोरिवलीला आणि गाडी भाईंदरच्या खाडीवर होती. वसई रोडला उतरले. नवऱ्याचा फोन.

‘कुठे आहेस?’

‘वसईला.’

‘का?’

याला काय उत्तर देणार. पण नंतर मी याची कारणं नीट शोधली. कार्ब कमी खाणाऱ्याच्या यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा कमी असतो. पोट रिकामं असेल तर अल्कोहोल भराभर रक्तात उतरतं. शिवाय अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते निस्तरतं. नवीन ग्लुकोज तयार करणं मागे पडतं, चरबी जाळणंही जवळजवळ थांबतं. म्हणजे ज्यासाठी भात सोडला तेच काम त्या रात्री बंद. आणि कॅलरी आहेतच : अल्कोहोलच्या ग्रॅममागे सात. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्के असते, तिच्या ३० मिलीत दहा ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सत्तर कॅलरी. शून्य कार्ब, सत्तर कॅलरी. त्या महिन्यात वजनाचा काटा का हलला नाही ते मला कळलं.

एक गोष्ट इथे गंभीरपणे. मी कोणतीही गोळी घेत नाही, म्हणून माझं वसईवर भागलं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसाने जेवण टाळून पेग घेतला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि भोवतालच्यांना वाटतं, ‘याला चढली, झोपू दे.’ डापाग्लिफ्लोझिन गटातली मधुमेहाची गोळी, कडक लो-कार्ब आणि दारू हे एकत्र आलं तर रक्तात कीटोन वाढून रुग्णालय गाठावं लागू शकतं. अशा माणसांनी माझं बघून काही करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांचं यकृत आधीच सुजलेलं आहे त्यांनी तर विचारूही नये, घेऊच नये.

लॅबमध्ये सोमवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की वरचं सीरम पिवळसर, पारदर्शक दिसायला हवं. काहींचं दुधाळ येतं, नीरेसारखं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. रविवारची पार्टी नळीत उभी असते. माझं तसं कधी आलं नाही, पण मार्चमध्ये २१२ होतं आणि १५० च्या आत हवं असतं. तो आकडा बघताना मला मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात हसलेली सगळी माणसं आठवली.

ही सगळी धडपड मी एकटीच करतेय असं वाटत असताना विल्यम बॅंटिंग सापडला. लंडनमधला शवपेट्या बनवणारा आणि अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणारा गृहस्थ, राजघराण्याचीही कामं करणारा. इतका जाड की म्हणे बुटाच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. डॉक्टरच्या सल्ल्याने त्याने पाव, बटाटा, साखर, दूध सोडलं, वर्षभरात वीसेक किलो उतरला आणि १८६३ मध्ये आपल्या आहाराची छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही त्याच्या नावावरून ‘बांटा’ म्हणतात. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली ती एका ओळीमुळे. जेवणाबरोबर दोन-तीन ग्लास क्लॅरेट किंवा शेरी चालेल. शॅम्पेन, पोर्ट आणि बीअर मना. आणि झोपताना वाटलंच तर बिनसाखरेचं जिन किंवा व्हिस्की. दीडशे वर्षांपूर्वी या भल्या माणसाने माझी वही लिहून ठेवली होती. प्रमाण मात्र त्याचं भलतंच सढळ, ते घेऊ नका.

मी घरी पेग मोजते तो खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. दहा मिलीचं झाकण, तीन झाकणं म्हणजे एक. काचेचा ग्लास आणि हात यांचा अंदाज कायम ग्लासाच्या बाजूने चुकतो, हे मी पहिल्याच दिवशी मोजून बघितलं. माझा ‘छोटा’ पेग ४५ मिली निघाला. नवरा म्हणतो, औषध घेतल्यासारखी पितेस. म्हणू दे.

मग आली गटारी. श्रावणात मी घेत नाही, लहानपणापासून महिनाभर घरात मांसमच्छी नाही, तसंच. त्यामुळे आषाढातल्या शेवटच्या दिवशी सासूबाईंची कोंबडी-वडे आणि माझे दोन पेग हे ठरलेलं. वडे टाळणं माझ्या जिवावर आलं होतं. तांदळाच्या जाड पिठाचे गरम वडे, फुगलेले, आणि शेजारी काळ्या वाटपाची कोंबडी. मी कोंबडी घेतली, वडा अर्धा. त्याआधी ओट्यावर उभी राहून जिन मोजत होते, पण लिंबं संपलेली. नजर गेली सोलकढीसाठी काढलेल्या आगळाच्या बाटलीवर. कोकमाचा घट्ट रस, मीठ घातलेला, साखर अजिबात नाही. चमचाभर घातला, वर सोडा, एक मिरची चिरून टाकली. रंग असा आला की मी ग्लास दिव्यासमोर धरून बघत राहिले.

मागे सासूबाई उभ्या होत्या. आगळ त्यांच्या भाचीने गावाहून पाठवलेलं, ते त्या मोजून वापरतात.

मला वाटलं आता ऐकायला लागणार. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, बाटली उचलून झाकण घट्ट केलं आणि म्हणाल्या, ‘जास्ती घालू नको, खारट आसा.’

सप्टेंबरअखेर पुन्हा तपासलं तेव्हा ५.८ आलं. ट्रायग्लिसराइड्स १४१. रिपोर्ट घरी नेला, नवऱ्याला दाखवला, मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पदराने पुसला, भाताचं पातेलं जवळ ओढलं.

‘बरां झाला. आता वायच भात घालू काय गो?’

दोन चमचे घेतला. वहीत लिहिला.