पाहिलंय तेच काढा: आमच्या सोसायटीतलं कोळ्यांचं प्रदर्शन

ठाण्यात जंगलाला लागून असलेल्या घोडबंदर रोडला राहणाऱ्या कुणालाही बिबट्याबद्दल विचारा, अर्धा तास बोलेल. तुम्ही स्वतः पाहिलाय का, एवढं विचारलं की विषय बदलेल. म्हणून सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आसपासच्या जीवांवर चित्रप्रदर्शन भरवायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेच काढायचं. मोबाईलवर फोटो उघडून काढलेलं चित्र घेणार नाही.

कमिटीने लगेच मान्य केलं, कारण त्यांचा सगळा जीव भिंतीला खिळे ठोकणार का यात अडकला होता. (नाही ठोकले. दोरी ताणली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावले.)

अटीमुळे वाघ, मोर, हत्ती आपोआप गळाले. उरले कावळे, सरडे, खारी आणि कोळी. कोळी भरपूर. पाऊस ओसरायला लागला की जवळच्या येऊरच्या जंगलातल्या पायवाटांवर झाडाझाडांमध्ये जायंट वूड स्पायडरची भलीमोठी जाळी दिसतात. वनखात्याच्या गेटवर नोंद करून आम्ही सकाळीच आत गेलो. मादी पायांसकट तळहाताएवढी. त्याच जाळ्यात बसलेला नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. एका काकूंना ते तिचं पिल्लूच वाटलं. 'विषारी आहे का हो?' हा प्रश्न प्रत्येकाने एकदा तरी विचारला. माणसाला तिचा धोका नाही, हे मीही प्रत्येकाला एकदा सांगितलं. ऊन आलं तसं जाळं सोनेरी दिसायला लागलं. त्या धाग्याचा रंगच पिवळा असतो. त्यावरून एकीने जुन्या साडीच्या काठाची जर उसवून जाळं केलं, आणि प्रदर्शनात सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघाले.

खरी परीक्षा कागदावर झाली. सगळ्यांनी, अगदी मोठ्यांनीही, आठ पाय पोटाला चिकटवले. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि पाय पुढच्या भागाला असतात. हे फळ्यावर काढून दाखवण्याऐवजी मी सगळ्यांना कंपाउंडच्या कुंपणाशी नेलं. तिथे सिग्नेचर स्पायडर होता, जाळ्यावर पांढरी फुली मारून तिच्यावर दोन-दोन पाय जोडून बसलेला. दुसऱ्या चित्रात पाय बरोबर जागी आले.

बी विंगमधल्या आजींनी क्रोशाचं जाळं विणायला घेतलं. त्या मधून सुरुवात करून बाहेर जात होत्या. सिग्नेचर स्पायडरसारखा कोळी आधी चौकटीचे आणि मधून चहूकडे जाणारे आधाराचे धागे लावतो, मग मधून बाहेर एक कच्चं वेटोळं घालतो आणि शेवटी चिकट धागा बाहेरून आत विणत येतो, ते कच्चं वेटोळं काढत-काढत. हे ऐकून आजी म्हणाल्या, "बाई, उसवणं आणि विणणं एकाच वेळी? मला नाही जमायचं." त्यांचं जाळं आम्ही तसंच लावलं.

बिबट्या मात्र आलाच. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी तो खरोखर पाहिला होता, मागच्या भिंतीवर. त्यांना चित्र येत नाही, म्हणून त्यांनी सांगायचं आणि कॉलेजातल्या एका मुलीने काढायचं असं ठरलं. तिने पूर्ण बिबट्या काढला. काका म्हणाले, "एवढा कुठे दिसला? तो पलीकडे उतरत होता. शेपूट लोंबत होती फक्त. आणि ती एवढीशी नव्हती." शेवटी चित्रात भिंत आणि लांबलचक शेपूट एवढंच राहिलं. माझ्या मते तेच प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं चित्र.

एक फ्रेम आम्ही रिकामी टांगली होती. ठाणे-कल्याण परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 2021 साली 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं गेलं, 26/11 ला कसाबला पकडून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ. आमच्यापैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. मग फ्रेमखाली ही माहिती लिहिली आणि 'दिसल्यास कळवा' अशी ओळ टाकली. लोक तिथे थांबून वाचायचे, आणि कोळ्याच्या प्रदर्शनात ओंबळेंवर गप्पा रंगायच्या.

रविवारी संध्याकाळी एक चौथीतला मुलगा आईचा मोबाईल घेऊन धावत आला. त्याच्या खिडकीच्या जाळीवर उडी मारणारा कोळी होता. हाच तो, असं त्याचं ठाम म्हणणं. अशा इवल्याशा कोळ्याची प्रजाती नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, हे त्याला अजिबात आवडलं नाही. तू पाहिलायस ना, मग काढ, म्हटलं. फोटो न बघता. तो खाली फतकल मारून बसला. पुढचे दोन मोठे डोळे त्याने झकास काढले. पाय मात्र सातच. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "एक तुटलेला होता."

फ्रेममध्ये तेच लावलं.