अननसाच्या गमीज गोठल्याच नाहीत

लेकीला बाजारातल्या रंगीबेरंगी गमीजचा, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांचा, फारच लळा लागल्यामुळे आज त्या घरीच करण्याचा घाट घातला. एका भांड्यात स्ट्रॉबेरीचा आणि दुसऱ्यात ताज्या अननसाचा गाळलेला रस घेतला व प्रत्येकी २०० मिलिलिटर रसाला २० ग्रॅम जिलेटिन (रस घट्ट करणारी पूड) असे प्रमाण धरले. थोड्या गार रसावर जिलेटिन भुरभुरून दहा मिनिटे ठेवल्यावर ते भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगले; मग उरलेला रस उकळी येऊ न देता कोमट करून त्यात विरघळवले आणि साखरेऐवजी चमचाभर मध घातला. (मध म्हणजेही साखरच, हे मला ठाऊक आहे.)

तीन तासांनी फ्रिज उघडला, तेव्हा स्ट्रॉबेरीच्या गमीज साच्यातून अलगद सुटून आल्या, पण अननसाचा साचा कलंडताच बराचसा रस ओट्यावर ओघळला. ताज्या अननसातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) जिलेटिनमधील प्रथिनांचे तुकडे करते, म्हणून तो रस आधी चांगला उकळून घ्यायला हवा होता, हे मी वाचूनही विसरले होते. कच्ची पपई आणि किवीही अशीच खोडी काढतात.

जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनत असल्याने शाकाहारी सासूबाईंसाठी संत्र्याच्या रसात अगार-अगार (समुद्री शेवाळापासून बनणारा, रस घट्ट करणारा पदार्थ) उकळून वेगळ्या वड्या केल्या. त्या फ्रिजबाहेरच घट्ट झाल्या, मात्र चावताना चिवट न लागता ठिसूळ लागतात. सासूबाईंना त्याच अधिक आवडल्या. ओघळण्यातून वाचलेल्या अननसाच्या रसाचे काय करावे, हे अजून ठरायचे आहे.