प्लाझ्मातून जाणारा लेझर स्पंद : एका सिम्युलेशनचा माझा अनुभव

पीएच.डी.च्या कामात माझ्याकडे आलेला पहिला प्रश्न असा होता : ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, ३० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आणि १० टेरावॉट शक्तीचा लेझर स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत, किती अंतरापर्यंत एकवटलेला राहतो? निर्वातात याचे उत्तर ठरलेले आहे. १० मायक्रॉन त्रिज्येपर्यंत एकवटलेला झोत विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या स्वाभाविक पसरण्यामुळे, साधारण ०.४ मिलिमीटर अंतरावर १.४ पट रुंद होतो. प्लाझ्मात मात्र स्पंद स्वतःच माध्यम बदलत जातो. मध्यभागी तीव्रता सर्वाधिक असल्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचून सापेक्षतेनुसार जड होतात, तिथला अपवर्तनांक (माध्यम प्रकाशाला किती वळवते याचे माप) कडेपेक्षा वाढतो आणि प्लाझ्मा बहिर्वक्र भिंगासारखा वागू लागतो. एका घन सेंटीमीटरमध्ये १ वर १९ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असतील, तर यासाठी लागणारी क्रांतिक शक्ती सुमारे ३ टेरावॉट येते, म्हणजे माझा स्पंद तिच्या तिपटीहून बलवान होता.

तरीही प्लाझ्मा भरण्याआधी मी तोच स्पंद सिम्युलेशनच्या रिकाम्या जाळीतून (गणनेसाठी जागेचे ज्या छोट्या घरांत तुकडे करतात, तिच्यातून) पाठवला, आणि माझ्या मते संपूर्ण कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे. जाळीची घरे मोठी असली, की गणितातला प्रकाश निर्वातातही मंदावतो. प्लाझ्मामुळे स्पंदाचा वेग मुळात जेमतेम ०.३ टक्के कमी होत असल्याने जाळीची तेवढीशी त्रुटीही खऱ्या भौतिकीला झाकून टाकते. म्हणून मी प्रवासाच्या दिशेने घरे बारीक करत गेले, आणि उत्तर बदलायचे थांबल्यावरच पुढे सरकले. द्विमितीय गणनेत हे एकवटणे खऱ्यापेक्षा दुबळे दिसते, त्यामुळे अंतिम गणना त्रिमितीयच केली.

प्लाझ्मा भरल्यावर जे दिसले ते मला फार सुंदर वाटले. या घनतेला प्लाझ्माचे एक दोलन सुमारे ३५ फेम्टोसेकंदांचे असते, त्यामुळे माध्यम प्रतिसाद देण्याआधीच स्पंदाचे पुढचे टोक निघून जाते आणि निर्वातातल्यासारखेच पसरत राहते, तर मागचा भाग, इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले गेल्याने तयार झालेल्या मार्गात, एकवटलेला राहतो. ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनांना वेग देण्यासाठी सुचवलेली प्लाझ्मा-लहर स्पंदामागे उठते, आणि तिला ऊर्जा देताना स्पंदाचा वर्णपट तांबड्याकडे सरकतो. स्पंदाने गमावलेली ऊर्जा आणि प्लाझ्माला मिळालेली ऊर्जा यांचा मेळ बसल्यावर मी ते आलेख प्रबंधात घेतले.