पाटल्यांची यादी

१९८८च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या दादाची बहीण माहेरी परत आली, तेव्हा मी दहावीत होतो. सगळी चाळ तिला ताईच म्हणायची. रिक्षातून उतरली ती एका पिशवीनिशी, हात मोकळे. सासूने दारातच सुनावलं होतं, "मटकेवाल्याची पोर तू. दागिने कशाला हवेत? भाऊ लुटून आणेल की."

ठाण्यातल्या किसननगरात तेव्हा दादाचा शब्द चालायचा. बाहेर सायकलचं दुकान आणि आत अड्डा, आमच्या खोलीपासून सहा दारं पुढे. कल्याणचा आकडा तिथे लागायचा. (ते नाव कल्याण शहराचं नाही. १९६२ साली वरळीत मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचं आहे.) वागळे इस्टेटमध्ये पगार झाला की संध्याकाळी चिठ्ठीसाठी रांग लागायची. सिंगलला, म्हणजे एका आकड्याला, रुपयाला नऊ; दोन आकड्यांच्या जोडीला नव्वद. जोड्या शंभर आणि मिळणार नव्वद, हा हिशेब मला सातवीत कळला. बाबांना माहीत असूनही ते सात तारखेला रांगेत असायचे. आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या त्याच दारातून आत गेल्या.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणी दादाला देवमाणूस समजू नये.

त्या रात्री पोरं जमली. हॉकी स्टिका, दोन तलवारी, चार रिक्षा चालू करून उभ्या. सासर कळव्याला, खाडीपूल ओलांडला की आलंच. "दादा, तुम्ही फक्त हो म्हणा." दादा बराच वेळ ताईच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "गाड्या बंद करा. आणि त्या सात नंबरच्या पोराला बोलवा, त्याचं अक्षर चांगलं आहे."

आई मला सोडायला तयार नव्हती. शेवटी ताईसाठी म्हणून सोडलं.

फुलस्केप कागदावर मी यादी लिहिली. पाटल्या जोड, तोडे, मोहनमाळ, नथ, पितळेचा हंडा, कळशी. ताई आठवून सांगायची, दादा लग्नाचा अल्बम कंदिलाजवळ धरून ती वस्तू फोटोत शोधायचा, सापडली की फोटोचा नंबर मला सांगायचा. सोनाराच्या पावत्या त्याने टिनच्या डब्यात जपल्या होत्या. "खाडाखोड नको, मास्तर. वकील बघणार आहे." पाटल्यांपुढे वजन लिहिताना माझा हात थांबला. तेही चार तोळे होते.

वकिलाने सांगितलं ते दादाने मला दहा वेळा सांगितलं असेल. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने प्रतिभा राणीच्या खटल्यात निकाल दिला होता: स्त्रीधन बाईचं एकटीचं, ते दाबून ठेवलं तर विश्वासघाताचा गुन्हा, कलम ४०६. हा आकडा मात्र त्याने कागदावर लिहून खिशात ठेवला होता.

अडचण दुसरीच होती. पोलिसांकडे त्याच्या तडीपारीचा प्रस्ताव तयार होता. मुंबई पोलीस कायद्याचं कलम ५६ लागलं की दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. त्याचा एक माणूस असाच नेरळला खोली घेऊन राहिला होता, कारण वांगणी मागे टाकली की ठाणे जिल्हा संपतो. पोरं चिडली की दादा म्हणायचा, "एक डोकं फोडलं की मी नेरळला. मग तारखेला ताईबरोबर कोण जाणार, तू?"

सासरच्यांनाही ते माहीत होतं. गणपतीत ताईचा दीर मुद्दाम स्कूटर घेऊन गल्लीत आला, मंडपासमोर हॉर्न वाजवत उभा राहिला, काहीबाही बोलला. दादाच्या मानेची शीर मी बघितली. हातातलं आरतीचं तबक त्याने खाली ठेवलं नाही. आरती पुरी केली, प्रसाद वाटला, त्या दिरालाही पाठवला.

याची किंमत त्याने मोजली. दादा घाबरला, असं लोक उघड बोलू लागले. मागच्या गल्लीची वसुली दुसऱ्यांनी घेतली, ती त्याने जाऊ दिली. भीतीवर ज्याचा धंदा चालतो, त्याने चार वर्षं कुणाला हात न लावता कोर्ट नाक्यावर पांढऱ्या शर्टात बाकड्यावर बसायचं, हे किती जड असेल ते मला आता, पन्नाशी उलटल्यावर कळतं. आणि मग रागही येतो. एवढं थांबता येत होतं त्याला. सात तारखेला बाबांचा हात एकदा तरी धरता आला असता.

१९९२ला सासरच्यांनी तडजोड केली. माझ्या अक्षरातली यादी समोर ठेवून एकेक वस्तू तराजूत घातली गेली. मोहनमाळ तेवढी मिळाली नाही, तिचे पैसे दिले.

त्या संध्याकाळी ताई पाटल्या घालून पेढे घेऊन आमच्याकडे आली. आईने तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, तिचा हात हातात घेऊन पाटल्या नीट बघितल्या. दादा उंबऱ्याबाहेर चपला घालूनच उभा होता. आईने त्याला आत ये म्हटलं नाही. त्यानेही वाट बघितली नाही. ताईचा चहा होईपर्यंत तो जिन्यापाशी जाऊन थांबला.