खोका क्रमांक ३ : हरवलेले ४१ घनमीटर

गेल्या नोंदीत मी खोका क्रमांक ३, म्हणजे पंखे आणि फिल्टर बसवून घरी बनवलेला हवा शुद्ध करणारा खोका, जवळजवळ पूर्ण झाल्याचे लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. नवा एच-१३ (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा प्रतीचा) फिल्टर बसवल्यानंतर वायुवेगमापकाने ताशी १५३ घनमीटर प्रवाह दाखवला, मात्र उदबत्तीच्या धुराच्या चाचणीत सीएडीआर (खोका ताशी किती घनमीटर शुद्ध हवा देतो तो आकडा) ११२ च्या पुढे सरकेना. धुराची नैसर्गिक घट ताशी ०.९, खोका चालू असताना ४.७, आणि माझी खोली २९.४ घनमीटरची, हिशेब तीनदा तपासला, तरी ४१ घनमीटर कुठे गेले ते कळेना.

पहिला संशय सेन्सरवर गेला. लेझर सेन्सर हवेतील बाष्पाचे थेंबही कण म्हणून मोजतो, त्यामुळे चाचणीच्या वेळी कूलर बंद ठेवणे भाग होते. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी दारे-खिडक्या बंद करून, केवळ छताच्या पंख्यावर तासभर बसणे म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. चार दुपारी घामाने भिजून वही ओली केली; आकडा तोच राहिला.

पाचव्या दिवशी सेन्सर काठीला बांधून निर्गमाच्या जाळीवरून कडेकडेने फिरवला. खोलीत धुराचे प्रमाण घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम असताना मध्यभागी जवळजवळ शून्य दिसत होते, तर डाव्या खालच्या कोपऱ्याशी आकडा एकदम उसळला. संपूर्ण जाळीची सरासरी ८० आली, म्हणजे सुमारे २७ टक्के हवा न गाळताच बाहेर पडत होती, आणि १५३ च्या ७३ टक्के बरोबर ११२ होतात! एच-१३ चा कागद सर्वांत सहज निसटणाऱ्या आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, पण हवा कागदाला वळसा घालून गेली तर त्याचा काय उपयोग?

दोष अर्धा माझा होता, कारण फोमच्या पट्ट्या मी कोपऱ्यात नुसत्या टोकाला टोक लावून चिकटवल्या होत्या. उरलेला अर्धा पुरवठादाराचा, कारण फिल्टरची चौकट सांगितलेल्या मापापेक्षा २ मिलिमीटर पातळ निघाली. चाचणीचे प्रमाणपत्र न देता केवळ ‘एच-१३’चे लेबल लावणाऱ्याकडून यापुढे खरेदी करणार नाही.

पट्ट्या ४५ अंशांत कापून, जाड फोम लावून, चौकट चार स्क्रूंनी आवळली. आता घट ताशी ६.० आणि सीएडीआर १५०. फट बुजल्यामुळे फिल्टरचा रोध थोडा वाढला आणि ३ घनमीटर गेले, ते मी आनंदाने सोडून दिले. मागच्या गल्लीतील टॉवेलच्या मागांवरून उडणाऱ्या सुताच्या तंतूंचा थर मात्र प्री-फिल्टरवर पंधरवड्यात इतका साचतो की तो सायीसारखा अखंड निघतो. तो दर आठवड्याला काढावा लागेल.

मित्राच्या दवाखान्यातील प्रतीक्षा कक्ष साधारण माझ्या खोलीएवढाच आहे. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या नव्या विलगीकरण खोल्यांसाठी ताशी १२ हवाबदल (खोलीभर हवा तासाला १२ वेळा बदलणे) अपेक्षित असतात आणि त्या वेगाने ९९ टक्के कण निघायला २३ मिनिटे लागतात. माझा खोका (१५० भागिले २९.४) ५.१ वर थांबतो. म्हणून पंखे वाढवण्याचा विचार होता, परंतु हे लिहितानाच लक्षात आले की आवाज वाढला तर कर्मचारी बटण खाली फिरवतील आणि सारा हिशेब कोलमडेल. त्यापेक्षा समोरासमोरच्या कोपऱ्यांत, बाकांखाली दोन खोके ठेवले तर १०.२ मिळतील आणि हवाही अधिक चांगली मिसळेल. दुसऱ्या खोक्याचे प्लायवूड आजच कापून आणले आहे; येत्या रविवारी दोन्ही खोके एकत्र चालवून, बाकावर बसून नेहमीच्या आवाजात बोलता येईल अशाच वेगावर चाचणी घेईन.